अज्जीला सगळं कळतं

कोरमंगला,
१२ जानेवारी २०२५

अक्कांना मनस्विनीचा नमस्कार.

उद्या सकाळी आर्याला सोडायला येईन तेव्हा हे पत्र तिच्या पिशवीत स्वेटरखाली असेल. समोर बसून विचारायला गेले तर मला रडू येईल, तुम्ही कॉफी पुढे कराल आणि विचारायचं राहूनच जाईल. फोन तर तुम्ही घेत नाही. सासूबाईंची मामेबहीण चामराजपेटेत राहते आणि फोनऐवजी पत्रं लिहिते, हे लग्नानंतर ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता मीही लिहायला शिकले.

काल आम्ही आर्याच्या ॲडमिशनसाठी प्लेस्कूलमध्ये गेलो होतो. तिथल्या बाई तिच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आर्या, बलून हवा?" आर्या ठोकळे रचत राहिली. त्यांनी परत विचारलं, तरी तेच. मग त्या तिच्या पुढ्यात येऊन बसल्या आणि तेच बोलल्या, तेव्हा हिने लगेच हसून हात पुढे केला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, कान तपासलेत का?

शंतनु घरी येईपर्यंत धुसफुसत होता. आमचे नेहमीचे डॉक्टर गेल्या पावसाळ्यात म्हणाले होते ना, की घरी मराठी, तुमच्याकडे कन्नड, स्वयंपाकाच्या बाईंशी हिंदी आणि कार्टून इंग्रजी, एवढ्या भाषा कानावर पडल्या की मूल बोलायला उशीर लावतं. बेंगळुरूत निम्मी मुलं अशीच असतात. जन्मल्यावर पुण्याला कानांची चाचणी झाली होती, त्यात ती पासही झाली होती. हे सगळं मला पाठ आहे. पण अक्का, ती तीन वर्षांची होत आली आणि तिचं बोलणं मला निम्मं कळत नाही. मी आई असून.

सोमवार ते गुरुवार ती तुमच्याजवळच राहते. माझ्या अमेरिकावाल्यांच्या मीटिंगा आणि शंतनुची बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली शिफ्ट यांत तिला आमच्यापेक्षा तुम्हीच जास्त बघता. म्हणून तुम्हालाच विचारते. तिला ऐकू येतं का? ती तुमच्याशी बोलते का? कानाच्या मोठ्या डॉक्टरांची महिनाअखेरीची वेळ घेऊन ठेवली आहे. तुम्ही जे सांगाल ते मी खरं मानेन.

तुमची
मनस्विनी


चामराजपेट,
१६ जानेवारी २०२५

चि. मनू, तुला आणि शंतनुला पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि परत वाचलं. अगं, एवढं घाबरून जायला काय झालंय? परवा संक्रांतीला मी तिला रेशमी परकर-पोलकं घालून एळ्ळु-बेल्ल वाटायला अख्ख्या गल्लीत फिरवली. तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे आणि साखरेच्या चित्रांची पुडी प्रत्येक दारात तिनेच हातात दिली. समोरची वासंती तर म्हणाली, ही पोरगी किती टकामका बघते, डोळ्यांनीच बोलते.

आणि तोंडाने बोलत नाही असं कोण म्हणतं? काल दुपारी गच्चीत संडिगे, म्हणजे आपले सांडगे, वाळत घातले होते. ही धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अज्जी, काळा कावळा आला आणि संडिगे घेऊन गेला." इतकं स्वच्छ वाक्य. बोलताना दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरते आणि माझं तोंड आपल्याकडे वळवून घेते. भारी लाडाची आहे. दिवसभर आमच्या दोघींच्या गप्पा चाललेल्या असतात. तुमच्याकडे ती बोलत नसेल तर तुम्ही दोघं लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसता म्हणून.

पातेल्यावरचं झाकण पडलं की दचकते. खालून बस गेली की खिडकीकडे पळते. ऐकू येत नसतं तर बस कळली असती का? मी जन्मभर छापखाना चालवला, हजारो लग्नपत्रिकांची प्रुफं माझ्या नजरेखालून गेली. चूक माझ्यापासून सहसा सुटत नाही. पोरीत काही कमी असतं तर मला आधी कळलं असतं.

कोवळ्या पोरीला दवाखान्यात नेऊन तिच्या कानात नळ्या घालून घेऊ नकोस. चार महिने थांब.

तुझी
पद्माअक्का


कोरमंगला,
२ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तुमचं पत्र मी शंतनुला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बघ, मी काय सांगत होतो. डॉक्टरांची वेळ रद्द केली. त्या दिवशी मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

पण ते टिकलं नाही. शुक्रवारी मी तिच्या मागे उभी राहून तिचं नाव घेतलं. आधी हळू, मग नेहमीसारखं, मग जवळजवळ ओरडले, तेव्हा ती वळली. काल हळू नाव घेतलं तरी वळली आणि मी तिला उचलून नाचले. मग लक्षात आलं की समोर कपाटाचा आरसा होता आणि त्यात मी दिसत होते. शंतनु म्हणतो, तिच्या मनात असलं की ऐकते, नसलं की नाही, बापावर गेली आहे. हे तो हसत म्हणतो, पण हल्ली दार मुद्दाम जोरात लावतो आणि तिच्याकडे बघतो. तोही घाबरला आहे, फक्त कबूल करत नाही.

आता आम्ही घरात एकच भाषा बोलायची ठरवली आहे, इंग्रजी, शाळेत तीच लागणार म्हणून. तिला थोपटताना माझ्या तोंडात मराठी येतं आणि मग मी गप्प बसते.

एक काम कराल? दुपारी ती खेळत असेल तेव्हा मागून, तिला दिसणार नाही अशा बेताने हाक मारून बघा आणि काय झालं ते मला लिहा. आणि अक्का, फोन घ्या हो. गेल्या मंगळवारी तिच्या अंगात ताप होता म्हणून मी पुन्हा पुन्हा फोन लावला. घंटा नुसती वाजत राहिली.

मनस्विनी


चामराजपेट,
६ फेब्रुवारी २०२५

चि. मनू,

फोनचं मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने माझं डोकं भणभणतं. ताप उतरला होता, मग फोनवर काय आरती ओवाळायची होती? आणि त्यावर मराठी लिहायला जावं तर कन्नड उमटतं. कागद बरा.

तू सांगितलंस तसं केलं. मागून हाक मारली. वळली. झालं समाधान?

अगं, कान जातात ते म्हाताऱ्यांचे. झिजून झिजून जातात. मुलांचे कान नवे कोरे, ते कशाला जातील? आणि ते इंग्रजीचं खूळ आधी बंद कर. आमच्या घरात कितीतरी पिढ्या मराठी आणि कन्नड एकाच पातेल्यात शिजतंय, त्याने कुणी मुकं राहिलं नाही. आई थोपटताना गप्प बसते हे मला वाचवलं नाही.

माझ्यावर भरवसा नसेल तर तसं सांग. पाळणाघरं गल्लोगल्ली झाली आहेत.

अक्का


चामराजपेट,
२० फेब्रुवारी २०२५

चि. मनू,

आर्याच्या कपाळाला टेंगूळ आलं आहे. काल गच्चीच्या पायरीशी पडली. हळद लावली आहे, स्वल्प सूज आहे, उतरेल. आज नीट जेवली नाही. शंतनु न्यायला येईल त्याच्याजवळ हे पत्र देते आहे. काळजी करू नकोस.

अक्का


कोरमंगला,
२१ फेब्रुवारी २०२५

अक्का,

हे पत्र पार्सलवाल्या स्कूटरवरून पाठवते आहे. उत्तर त्याच्याजवळच द्या, तो खाली थांबेल. मी आज ऑफिसला गेले नाही.

काल वासंतीबाई शंतनुला तुमच्या जिन्यात भेटल्या. त्यांनी सांगितलं ते तुमच्या पत्रात नाही. तुम्ही संडिगे घालून खाली आलात आणि माकडं येतात म्हणून गच्चीचं दार जिन्याकडून लावून घेतलंत. आर्या पाण्याच्या टाकीमागे होती. ती दारावर हात आपटत होती, मग डोकं आपटत होती. टेंगूळ त्याचं आहे. वासंतीबाई समोरच्या गच्चीतून तिला ओरडून सांगत होत्या की थांब बाळ, दारापासून लांब हो. ती वळली नाही. मग त्यांनी तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हाका मारल्या. तुम्ही त्यांना पाठमोऱ्या दिसत होतात, डोसे घालत होतात. तुम्हीही वळला नाहीत. शेवटी त्या रस्ता ओलांडून आल्या, जिना चढल्या आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तुम्हाला कळलं.

मला हे डोळ्यांसमोर दिसतंय. वर उन्हात माझी मुलगी, खाली तुम्ही, मध्ये एक बाई जिवाच्या आकांताने ओरडते आहे आणि दोघींपैकी कुणालाच पत्ता नाही.

मी तुम्हाला रागाने विचारत नाही, अक्का. मला फक्त भीती वाटते आहे. तुम्हाला ऐकू येतं का?

मनस्विनी


चामराजपेट,
२१ फेब्रुवारी २०२५

मनू,

स्कूटरवाला खाली उभा आहे म्हणून सजवून लिहायला वेळ नाही, आणि ते बरंच झालं.

मला ऐकू येत नाही. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी गेली, मग दाराची घंटा, मग बायकांचे आवाज. छापखान्याची यंत्रं कानाशी इतकी वर्षं धडधडली, त्यात वयाची भर पडली. पुरुषांचे भरडे आवाज येतात, बसचा येतो, झाकण पडल्याचा येतो. बोलणं येतं ते अर्धंमुर्धं येतं. उरलेलं मी मनाने भरून घेते आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. नाही निघालं तर मी आपणच बोलत सुटते, म्हणजे समोरच्याला बोलायला वाव उरत नाही. तुम्ही सगळे म्हणता अक्का किती बोलते. माझ्या लेकाने, रविकिरणने, म्हैसूरहून कानाचं यंत्र आणून दिलं होतं. एक दिवस घातलं आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. कानात यंत्र घातलेल्या बाईकडे तू मूल ठेवलं असतंस का?

आता दुसरं. तू सांगितलंस तशी मी मागून हाक मारली होती. ती वळली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. मला वाटलं माझाच आवाज फुटला नसेल. आमच्यासारख्यांना आपला आवाज केवढा निघतो ते समजत नाही. म्हणून मी तुला वळली असं लिहिलं. मग परवाचं घडलं आणि तेव्हापासून काल ती जाईपर्यंत मी फक्त तिच्याकडे बघत राहिले. मी दुकानदाराच्या तोंडाकडे जशी बघते, तशी ती माझ्या तोंडाकडे बघते. डोळा हलवत नाही. ती हनुवटी धरते ते लाडाने नाही, मनू.

तिला उद्याच्या उद्या डॉक्टरकडे ने. मी थांब म्हणाले म्हणून थांबलीस, ते दिवस मी तुला कुठून आणून देऊ?

पद्मावती


कोरमंगला,
२३ फेब्रुवारी २०२५

अक्का,

आर्या उद्यापासून येणार नाही. तिचे कपडे आणि लाकडी बदक शंतनु घेऊन जाईल. यापेक्षा जास्त आज माझ्याकडून लिहिलं जाणार नाही.

मनस्विनी


कोरमंगला,
२० मार्च २०२५

अक्का,

बरेच दिवस गेले. तुम्ही शंतनुबरोबर पाठवलेली दोन्ही पत्रं मी उघडली नाहीत. काल उघडली. त्यांत तुम्ही फक्त तिची चौकशी केली होती, स्वतःबद्दल एक ओळ नव्हती.

तपासण्या झाल्या. आधी डॉक्टरांनी कानात उजेड टाकून पाहिलं. त्या म्हणाल्या की लहान मुलांना कमी ऐकू येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सर्दीने पडद्यामागे साठलेलं पाणी. ते येतं-जातं, म्हणून मूल एक दिवस ऐकतं आणि एक दिवस नाही, आणि त्यावर उपाय असतो. मी खुर्चीत बसून देवाला विनवत होते की पाणी निघू दे. आपल्या मुलीच्या कानात पाणी असावं म्हणून हात जोडणारी मी एकटीच आई असेन. पाणी नव्हतं.

मग काचेच्या खोलीत तिला खेळायला लावलं. आवाज आला की वाटीत मणी टाकायचा. जाड आवाजाला ती पटापट मणी टाकत होती आणि माझ्याकडे बघून हसत होती. आवाज बारीक होत गेले तसा मणी तिच्या हातातच राहिला. मला बाहेरून ते बारीक आवाज ऐकू येत होते, अक्का, आणि ती मणी धरून वाट बघत बसली होती. शंतनु उठून बाहेर गेला. नंतर तिला झोपवूनही एक तपासणी केली. तिच्या आतल्या कानातच कमी आहे आणि ते कायमचं आहे. जन्मल्यावर बहुधा ठीक होतं, नंतर उतरत गेलं. आणखी उतरेल का, हे कुणाला सांगता येत नाही.

मी डॉक्टरांना तुमच्याबद्दल सांगितलं, ती तुमच्याशी घडाघडा बोलते असं तुम्ही लिहिलं होतं तेही. त्यांनी आर्याच्या ऐकण्याचा आलेख माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, तुमच्या अक्कांचा आलेख काढला तर तो मुलीच्या आलेखासारखाच उतरता निघेल. स, श, ट, क असले बारीक आवाज दोघींनाही येत नाहीत. मुलगी ते उच्चारत नाही, कारण तिने ते ऐकलेच नाहीत. आणि ते गाळलेले अक्कांना कळत नाहीत, कारण त्यांना ते कुणाच्याच बोलण्यात ऐकू येत नाहीत. मोठ्या माणसाचं ऐकणं हळूहळू जातं तेव्हा आत सगळी भाषा भरलेली असते, पडलेली जागा ते तिथून भरतात. मुलाच्या आत भरायला काही नसतं. तिला जे ऐकू आलं नाही ते तिच्यासाठी जगात नाहीच. म्हणून तुमच्याबाबतीत उशीर चालला, तिच्याबाबतीत चालणार नाही. भाषा आत शिरायची वर्षं हीच असतात. आणि हो, मराठी बंद करू नका, भाषांचा यात काही दोष नाही, असंही त्या म्हणाल्या. मी त्या रात्री तिला मराठीत थोपटलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तिला दोन्ही कानांची यंत्रं दिली आहेत. ती कानात ठेवत नाही. घातली की किंचाळते, ओढून काढते, एक तर तिने फ्लशमध्ये टाकलं. दिवसभर कानात राहिली नाहीत तर उपयोग नाही. शंतनुने रागावून बघितलं, मी चॉकलेट देऊन बघितलं. यंत्राचा डबा दिसला तरी ती पलंगाखाली शिरते. मला तिची भीती वाटायला लागली आहे आणि तिला माझी. रोज सकाळी ती दाराशी जाऊन चपला घालते आणि "अई" म्हणते. अज्जीऐवजी तुम्हाला ती तेच म्हणते. मला वाटायचं ती मला आई म्हणते आहे.

मी तुम्हाला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. पण तुम्ही याल का? येताना साड्यांखालचं ते यंत्र आणाल का?

मनस्विनी


चामराजपेट,
२२ मार्च २०२५

मनू,

माफीचं राहू दे. त्याला माझं वय पुरेल की नाही याची मला काळजी नाही, तिचं वय निघून चाललं आहे याची आहे.

यंत्र बाहेर काढलं. सेल मेले होते. रविकिरणला कळवलं, तो धावत आला आणि मला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या मुलाने त्या काचेच्या खोलीत मला बसवलं. तू लिहिलंस तेच मला आठवत होतं. आवाज आला की बटण दाबायचं. मीही दाबायचं बटण धरून बसून राहिले, मनू, आणि काचेपलीकडे रविकिरणचं तोंड उतरत गेलं. पोरीने मणी धरला तेव्हा तिला निदान आपलं काय चाललं आहे ते माहीत नव्हतं.

यंत्र जुनं असलं तरी चालेल म्हणाले, माझ्या कानाप्रमाणे लावून दिलं. आत्ता घालून बसले आहे. कागदावर पेन फिरतं त्याचा आवाज येतो आहे. साडीचा येतो आहे. पंख्याने तर जीव नकोसा केला आहे. मला हे सगळे आवाज कसले ते ठाऊक आहे, तरी मी मघाशी नळाला घाबरून उठले. मग त्या लेकराने पलंगाखाली जाऊ नये तर काय करावं? तिला कुणी सांगायचं की हा नळ आहे आणि हा चावत नाही?

सोमवारी सकाळी येते. माझी खोली तिच्या खोलीला लागून असू दे. गॅसजवळ आणि गच्चीत मी तिच्याबरोबर एकटी राहणार नाही, तेव्हा बरोबर राहील अशी बाई तू घरात ठेव. हे मी तुझ्यावर रुसून लिहीत नाही. मला स्वतःचीच भीती बसली आहे.

अक्का


कोरमंगला,
१२ एप्रिल २०२५

मनू,

तू पलीकडच्या खोलीत मीटिंगमध्ये आहेस आणि मी इथे बसून तुला पत्र लिहिते आहे, याला वेडेपणा म्हणशील. आता मला फोनही थोडाफार कळतो. पण हे तोंडाने सांगता येण्यासारखं नाही. तुझ्या उशीखाली ठेवते.

पहिले दिवस तू पाहिलेसच. मी रोज सकाळी तिच्यासमोर मांडी घालून बसायचे, आधी माझं यंत्र माझ्या कानात, मग आरसा तिच्या हातात. मी काही म्हणत नव्हते. आवाज आला की मीही दचकायचे, खरंच दचकायचे, नाटक करावं लागलं नाही. मिक्सर लागला की मी कान धरायचे, मग तिला स्वयंपाकघरात नेऊन त्यावर हात ठेवायला लावायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने डबा आपणहून उघडला आणि एक यंत्र माझ्या दुसऱ्या, रिकाम्या कानाला लावायला लागली. मग आपल्या कानाला लावलं. तू दारात उभी राहून रडत होतीस, मला ऐकू आलं.

तू समजतेस की मी त्या दिवसापासून खुशीत आहे. मी तुला एक गोष्ट सांगितलेली नाही, आणि न सांगता ठेवायची सवय मला फार महागात पडली आहे.

आज दुपारी ती खिडकीत उभी होती. बाहेर तारेवर कावळा बसला. ती धावत आली, माझी हनुवटी धरली आणि बोलली. तोच कावळा, तेच संडिगे, ती गोष्ट ती मला रोजच सांगते. मी तुला ती पत्रात लिहून पाठवली होती, शब्दन् शब्द. आज ती मी यंत्र लावून ऐकली. ती म्हणाली, "अई, आआ आवआ आआ. अंइए एऊ एआ."

एवढंच. बाकी काही नव्हतं. ते स्वच्छ वाक्य तिचं नव्हतंच, मनू, ते माझं होतं. वर्षभर मी जिच्याशी गप्पा मारत होते ती पोरगी माझ्या डोक्यात होती आणि ही खरी माझ्यासमोर बसून एकटीच बोलत होती. कच्च्या प्रुफात जे छापलेलंच नाही ते मी वाचत गेले आणि खाली सही करून तुला पाठवत गेले. मला उठून पळून जावंसं वाटलं.

ती माझ्याकडे बघत होती. नेहमी मी इथे मान डोलवते आणि म्हणते, हो का ग, मग काय झालं? तिला त्याचीच सवय आहे, अज्जीला सगळं कळतं याची. आज मी मान डोलवली नाही. मी तिला विचारलं, "काय म्हणालीस, बाळ? मला कळलं नाही."

तिला मी हे याआधी कधीच विचारलं नव्हतं. ती गोंधळली. माझ्या कानातल्या यंत्राकडे तिने पाहिलं, मला वाटलं आता ती रडेल. मग तिने माझी हनुवटी आणखी घट्ट धरली आणि सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, हळूहळू, तोंड मोठं उघडून, जशी मी तिला सांगते तशी.

दुसऱ्या खेपेलाही मला कळलं नाही. मी तिला परत विचारलं.

अक्का